कोरी शिंगं

पोळ्यानंतरचा तो गुन्हा आजही आठवला की माझं तोंड कडू होतं. संगमनेर तालुक्यातल्या एका गावात दोघा शेतकरी भावांपैकी धाकट्याची फळाला आलेली डाळिंबाची झाडं कुणीतरी तोडून टाकली. फिर्याद अज्ञात इसमाविरुद्ध होती. पण डेअरीवर दूध घालणाऱ्या माझ्या खबऱ्याने सांगितलं, "सायेब, त्याच्या थोरल्या भावाला भल्या पहाटं कोयता घिऊन त्या रानातून येताना पाह्यलंय."

गोठ्याची झडती घेऊन कोयता जप्त केला आणि थोरल्याला ठाण्यात आणलं. भाऊबंदकी म्हटली की बांध नाहीतर पाणी, हे माझं ठरलेलं गणित. दरडावून झालं, चहा पाजून झाला. "मला काय म्हाईत न्हाई," यापुढे गडी सरकेना.

तेवढ्यात वकीलसाहेब आले. या माणसाने उलटतपासणीत माझ्या पंचनाम्यांच्या चिंध्या केल्या होत्या. मग एकाएकी काळा कोट खुंटीला टांगून भांडणं मिटवत फिरू लागले. "मी जिंकून दिलेल्या घरांत भाऊ भावाला पाणीसुद्धा विचारत नाही," म्हणायचे. ब्याद टळली म्हणून मी खूष होतो. आता धाकट्याने बोलावलं म्हणून तीच ब्याद माझ्या ठाण्यात उभी होती. येताना ते थोरल्याच्या घरी जाऊन आले होते.

दोघा भावांना समोर बसवून त्यांनी एवढंच विचारलं, "थोरले, यंदा बैलांची शिंगं रंगवली नाहीत?"

थोरल्याचा बांध फुटला. "कशापायी रंगवू? पोळ्याला येशीतून पयला बैल माझा जायचा. बाबांच्या माघारी म्या सांभाळला त्यो मान. ह्यानं नवी खिल्लारं आनली, अन् गावानं ह्यालाच म्होरं केलं! व्हय, म्याच तोडली झाडं."

"दादा, मला वाटलं, मान घरातच ऱ्हायला, तुला बरं वाटंल," धाकटा रडत म्हणाला.

ती कोरी शिंगं झडतीच्या वेळी माझ्याही समोर होती. शिपाई वकिलांकडे कौतुकाने पाहत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. ठाणं माझं, आरोपी माझा, वाहवा मात्र त्यांची!

थोरल्याने नवी रोपं लावून जगवायची आणि धाकट्याने मान परत द्यायचा, असं ठरलं. कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. थोरल्याचा तुरुंग टळला.

पुढच्या पोळ्याला मी बंदोबस्तावर होतो. थोरल्याचा बैल पुढे, कासरा धाकट्याच्या हातात. गावाने वकिलांना फेटा बांधला. मी उन्हात उभा राहून नुसता जळत होतो.

थोरला गर्दीतून माझ्याकडे आला आणि माझ्या हातात नारळ ठेवून हळूच म्हणाला, "सायेब, गेल्या साली ह्याच येशीत माझं तोंड असंच झालं हुतं. घरी जाऊन कोयता उचलू नका."

नोकरीत मी हजारांचे चेहरे वाचले. माझा वाचणारा एकच भेटला, आणि तो माझाच आरोपी होता.