वीस पायल्या मुरमुरे

किलो नवेनवे आले होते, तेव्हाची गोष्ट. इतवारी बाजारातले दुकानदार गिऱ्हाईक बघून कधी शेर म्हणत, कधी किलो. घरातल्या बायका दोन्ही धुडकावून लावत आणि पायलीच्या मापानेच मोजत. आमचे वडील मात्र सरकारी कचेरीत कारकून. सरकारने किलो म्हटलं की घरात किलोच. आमच्या गल्लीत सरकारचे ते एकमेव प्रतिनिधी होते आणि ती जबाबदारी ते जेवतानाही विसरत नसत.

मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं. आईला धास्ती एकाच गोष्टीची, काही कमी पडायला नको. माझ्या बारशाला लाडू संपले होते. तेव्हापासून वडिलांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या, प्रत्येक कार्याला दारात चपला काढता काढताच विचारायची, "पुरतीन का वं या खेपेस?" आई हसून वेळ मारून न्यायची आणि आत जाऊन भांडी आदळायची. मला तर त्या प्रश्नाचा असा राग यायचा, जणू पाळण्यातून उठून ते लाडू मीच फस्त केले होते.

रुखवतातले लाडू आणि पाहुण्यांचा चिवडा मिळून मुरमुरे किती लागतील, हे आत्यानेच सांगितलं. "वीस पायल्या."

"किलोत सांग न बाई," वडील म्हणाले.

"मले नाही समजत तुझं किलो-फिलो."

मग वडिलांनी घरातली पायली गव्हाने काठोकाठ भरली, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे नेऊन तोलली आणि आलेल्या आकड्याला विसाने गुणलं. आत्या बघत होती.

"काहून गा, मुरमुरे आणाचे तं गहू काहून तोलून राहिला?"

"बाई, पायली ते पायलीच राहते. तिच्यात गहू भरा का मुरमुरे, तिले काय फरक पडते?"

पायलीला खरोखरच काही फरक पडत नव्हता. फरक तराजूला पडतो. तेवढ्याच जागेत गहू दाटून बसतो, मुरमुरा म्हणजे बराचसा फुगलेला वारा. म्हणून पायलीचे किलो करायचे तर आधी विचारावं लागतं, पायली कशाची? पुढे शाळेत बाईंनी फळ्यावर 'घनता' लिहून हेच शिकवलं. वर्गात मी एकटीच हसले आणि अंगठे धरून उभी राहिले.

इतवारीतून वडील खुशीत परतले. "दुकानदार विचारते, साहेब, दुकान टाकून राहिले का? मी म्हटलं, हिशेब करून आलो, तुम्ही फक्त तोला."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी गल्लीत दोन हातगाड्या शिरल्या. त्यांच्यावर माणसाहून उंच आठ पोती होती. हमाल एकेक पोतं उशीसारखं उचलून आत टाकत होता आणि आई एकेक पाऊल मागे सरत भिंतीला टेकली. एका पोत्यात काम भागलं असतं. वऱ्हाडासाठी सारवून ठेवलेली खोली चार पोत्यांनी भरली, दोन पलंगावर निजली, एक न्हाणीत उभं राहिलं. शेवटच्याला जागाच नव्हती, तेव्हा नवरदेवाच्या काकांना त्याच्यावरच बसवलं. ते हळूहळू खाली जात राहिले.

"हे काय करून ठेवलं हो?" आई रडकुंडीला आली.

वडिलांनी कागद पुन्हा तपासला. "हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले, "मुरमुरेच हलके निघाले."

लग्न पार पडलं. चिवडा झाला, लाडू झाले, शेजाऱ्यांच्या गाईसुद्धा मुरमुरे पाहून तोंड फिरवू लागल्या. पाहुणे निघाले, तशी आई सूप घेऊन दारात उभी राहिली. जो जाईल त्याची पिशवी भरायची. आत्याचीही भरली, दाबली, पुन्हा भरली.

"बस वं, किती भरतं?" आत्या कुरकुरली.

"न्या न बाई," आई म्हणाली, "लय उरून राहिले."

घरात काही उरलंय, हे आईच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. समोरच्या घरातल्या बायकाही बाहेर आल्या, इतक्या मोठ्याने ती म्हणाली.