सासऱ्यांच्या जिभेला लागलेला दगड

आखेन शहरातल्या आमच्या छोट्या कारखान्यात इर्मट्रूड शाफ्राथ, म्हणजे आमची इर्मी, लेझर चालवते. थरावर थर छापून तयार झालेला धातूचा भाग हाताला सँडपेपरसारखा लागतो. इर्मी त्यावरून किरण फिरवते. वरचा पापुद्रा क्षणभर वितळतो, उंचवटे खळग्यांत उतरतात आणि भाग आरशासारखा लखलखतो.

गेल्या वसंतात आम्ही कवळीचे धातूचे सांगाडे करायला घेतले. पहिलाच नेमका तिच्या सासऱ्यांचा निघाला. लेओनार्ड, वय एक्याऐंशी, निवृत्त बेकर. कवळी बसवून तीन दिवस झाले नाहीत, तोच त्यांनी भर जेवणात ती काढून बशीत ठेवली.

"सूनबाई, डावीकडे मागे दगड आहे."

"बाबा, यंत्रानं मोजलंय. केसाच्या शंभराव्या भागाएवढाही खडबडीतपणा नाही."

"मग यंत्रालाच घाल ना ही कवळी!"

इर्मीचा नवरा हसू दाबत बटाट्याच्या धिरड्यांवर सफरचंदाचा गर वाढून घेत राहिला.

सासऱ्यांचं ते बोलणं इर्मीच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी कवळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती दोन तास बसली. काही दिसेना. शेवटी नाक मुठीत धरून तिनं फोन केला.

"बाबा, नेमकं कुठे?"

"शेवटच्या दाढेच्या आतल्या अंगाला. आता कशी विचारतेस!"

आणि सापडलं की हो! किरणाची प्रत्येक फेरी जिथे संपत होती, तिथे वितळलेला धातू साचून बारीकसा बांध झाला होता. मोजणाऱ्या यंत्राची सुई त्या कोपऱ्यात कधी पोचलीच नव्हती.

इर्मीनं नवा सांगाडा छापून घेतला. या वेळी फेऱ्यांची टोकं तिनं हिरडीच्या गुलाबी प्लास्टिकखाली झाकल्या जाणाऱ्या भागात नेली. नवी कवळी बसली तेव्हा म्हाताऱ्यानं डोळे मिटून तोंडभर जीभ फिरवली.

"हं," एवढंच म्हणाले.

आमच्या साहेबांना हे कळलं. त्यांनी लेओनार्डना दर गुरुवारी उकळून स्वच्छ केलेले नमुने जिभेनं तपासायला बोलावलं. पहिल्याच दिवशी सातातले तीन बाद! साहेबांचा चेहरा पडला. म्हातारा कॉफी मागवून निवांत बसला.

त्या शनिवारी शेजारीण कुंपणावरून इर्मीला म्हणाली, "काय गं, तुझे सासरे गल्लीभर सांगत फिरतायत, असा हात अख्ख्या आखेनमध्ये नाही म्हणून!"

"कुणाचा? त्यांचा?"

"तुझा गं बाई!"

इर्मी कपडे वाळत घालायचे सोडून तशीच उभी राहिली.