आधी कान

भंडाऱ्याच्या दवाखान्यात आजोबांच्या स्मरणशक्तीची तपासणी होती, मी सोबत गेले होते. चिखल्याच्या खाणीत त्यांनी आयुष्यभर ड्रिल चालवली. आता सांगितलेलं सगळं विसरतात, असं घरी सगळे म्हणत. सिस्टरनं लक्षात ठेवायला तीन शब्द दिले. थोड्या वेळानं विचारले, तर आजोबांना एकही सांगता येईना. सिस्टरनं मात्र काहीच लिहिलं नाही. ते तिच्या ओठांकडेच पाहत होते, हे तिनं हेरलं होतं. ती त्यांच्या कानाशी वाकली, शब्द मोठ्यानं म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, तर तिन्ही बरोबर.

"आधी कान दाखव यांचे, बेटा," ती मला म्हणाली. "आयकूच नाही आलं, तं ध्यानात कायचं राहीन?"

बाकी तपासण्या व्हायच्या होत्या. पण घरी त्यांच्याशी सगळ्यात हळू मीच बोलायचे, हे मला तेव्हा उमगलं. बाहेर आल्यावर मी त्यांच्या कानाशी ओरडले, "आजोबा, चहा घ्याल?"

"कवापासून वाट पाहून राहिलो!"