ताटातल्या तांदळातलं नाव

माझी मेलेली सासू रेशन कार्डावर जिवंत आहे, अन् घरच्या पोळ्या लाटणारी मीच गायब! काहून, सांगा बरं?

आज दुकानदार म्हणे, "मावशी, तुमच्या वाट्याचं धान्य बंद झालं, नाव उडालं." तशीच तणतणत रेशन ऑफिसात गेली.

कॉम्प्युटरवाला बाबू म्हणे, "काकू, कार्डाची यादी आधारच्या यादीशी जुळवली. जे नाव जुळलं नाही ते पुसलं."

आधारवर मी शेवंता, माहेरची, कुही गावची. कार्डावर सुनंदा, सासरची. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते नाव लिहिलं अन् सगळ्यांनी पेढे खाल्ले. सासूचं नाव दोन्हीकडे एकच, म्हणून ती राहिली.

"पुसायच्या आधी मले विचारायचं तरी होतं गा!"

"मशीन विचारत नाही, काकू."

"तांदळात लिहिणाऱ्यानं तरी कुठं विचारलं होतं!"

बाबू हसला. मले हसू आलं नाही.

बायांनो, तुमची नावं दोन्हीकडे एकच आहेत का? आजच पाहा. अन् ऑफिसवाल्यांनो, सोमवारी मी पिशवी घेऊन येऊन राहिली. शेवंता खरी की सुनंदा, ते तुम्ही ठरवा, पण जवाब पाहिजे, अन् तोवर माझ्या वाट्याचं धान्य. दोघींचं पोट एकच आहे.