चारच्या मुहूर्ताचा राऊटर

"भाऊ, चारला बारसं आहे. त्याच्या आत नाय झालं तर मी काय करू?"

मी फरशीवर मांडी घालून बसलो होतो. पुढ्यात नवाकोरा राऊटर, चारही अँटेना वर केलेला. सगळे दिवे हिरवे, एकच नारिंगी. आमच्या धंद्यात त्या नारिंगी दिव्याला मांजर आडवं गेल्याइतकी किंमत आहे. मोबाईलवर वायफाय दिसतं, पण वायफायच्या पलीकडे इंटरनेट नाही. नळ बसवलाय, पाणी नाही, असा प्रकार.

मी नाशिकमध्ये केबलचं काम करतो. छपरावरच्या छत्रीपासून सुरुवात केली, मग टीव्हीची केबल, आता त्याच वायरीतून इंटरनेट. रविवार माझ्या सुट्टीचा. पण ऑफिसातून मनीषा मॅडमचा फोन आला, मखमलाबादला एक बाई रडायला आल्यात, जवळ तुम्हीच राहता. झालं. पोह्यांची ताटली बायकोच्या हातात दिली आणि स्वेटर चढवून निघालो.

"बाळ कुठं आहे ताई?" मी विचारलं.

"जर्मनीला. मुलगी झाली माझ्या भावाला."

"आणि बारसं इथं?"

"बारसं तिथंच. आत्या इथं."

मग माझी ट्यूब पेटली. नाव ठेवायचा मान आत्याचा. शकुताई मूळच्या घोटीच्या. आई लवकर गेली तेव्हा धाकटा भाऊ बाळू जेमतेम चालायला लागला होता. त्याच्या शिक्षणासाठी नाशिकला आल्या, शाळेचे युनिफॉर्म शिवून त्याला इंजिनिअर केलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. बाळूनं त्यांचं तिकीट काढलं होतं. पण गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि डॉक्टर म्हणाले, इतक्यात विमान नाही. जुना राऊटर सारखा धापा टाकायचा, म्हणून बाळूनं हा भारीतला ऑनलाइन मागवून दिला होता.

खोलीत बघितलं तर लाकडी पाळणा उभा केलेला. त्याला झेंडूची माळ. आत वरवंटा, झबलं घालून निजवलेला. समोर स्टुलावर लॅपटॉप, त्यालाही हळदकुंकू. दारात रांगोळी. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

आधी वायर तपासली. छपरावरून येणारी काळी केबल आतल्या छोट्या डबीला जाते, तिला मोडेम म्हणतात. तिथं सिग्नल ठणठणीत. मग पिशवीतला माझा राऊटर काढून जोडला. तोच नारिंगी दिवा. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

"ताई, तुमचा राऊटर चांगला आहे. बाळूचे पैसे वाया गेले नाहीत."

"मग चालत का नाय?"

"ऑफिस ओळखत नाही त्याला."

हे सोपं करून सांगतो, कारण हा घोळ कुणाच्याही घरी होऊ शकतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक नंबर मिळतो. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून बनलेला. त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. तुम्ही कनेक्शन घेता तेव्हा आम्ही तुमच्या राऊटरचा नंबर ऑफिसच्या सिस्टीममध्ये चढवतो. उद्या त्या वायरीवर दुसरंच यंत्र बसलं तर सिस्टीम म्हणते, तू कोण बाबा? आणि दार लावून घेते. वायर चोरून दुसऱ्याला देणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी ही सोय. त्रास मात्र सरळ माणसाला.

मी मनीषा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मॅक बदलून द्या. नवा नंबर सांगतो."

"काका, पॅनेल बंद आहे. अपग्रेड चाललंय. चालू कनेक्शनं चालतायत, पण बदल काही करता येत नाही."

"जुना नंबर तरी वाचून दाखवा."

"दिसतच नाही ना काही. संध्याकाळी सहानंतर."

"चारला बारसं आहे हो इथं!"

"शेठना विचारा."

शेठ इगतपुरीला, एका लग्नात. तिसऱ्या वेळी उचलला. मागे बँड वाजत होता. "अरे उद्या बघू की," म्हणाले, "एक दिवस नेट नसल्यानं कोण मरतं?" मी काहीतरी बोललो असतो, पण पगार त्यांच्याकडून होतो.

मोबाईलवर करू म्हटलं, तर घर मागच्या बाजूला, तळमजला, आत बोलण्यापुरती रेंज, नेट फाटकापाशी गेल्यावर. शेजारच्या घराला कुलूप. "आणि मी काय रस्त्यावर उभी राहून नाव ठेवू का भाऊ?" ताई म्हणाल्या. "पाळणा सोडून?" त्यांचंही खरं होतं. बाकी कुणा बायकांना त्यांनी बोलावलंच नव्हतं. नेट नाही चाललं तर हसं होईल, ही धास्ती.

एक वाट उरली होती. नव्या राऊटरच्या सेटिंगमध्ये जुन्याचा नंबर टाकायचा. मग ऑफिसला वाटतं, ओळखीचाच आहे, येऊ दे. याला क्लोन म्हणतात. यात लबाडी काही नाही, राऊटरमध्ये तशी जागाच दिलेली असते.

"ताई, जुना राऊटर आणा. त्याच्या खाली स्टिकर असतो, त्यावर नंबर आहे."

ताईंनी बाहेर रस्त्याकडे बोट दाखवलं.

"तो भंगारवाल्याला दिला. सकाळीच."

"आज?"

"शुभकार्य घरात. बंद पडलेली वस्तू ठेवू नये म्हणतात ना. बंद पडलेलं घड्याळ, तो राऊटर, एक इस्त्री, सगळं दिलं."

मी कपाळावर हात मारला. नवा चालतो की नाही हे बघायच्या आधी जुना वाटेला लावला! भंगारवाला कधीच पंचवटीत पोचून कुठल्या ढिगात मिसळला असेल. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं तर बारशालाच रांग लागली होती.

"मग त्याचं खोकं?" मी विचारलं. खोक्यावरही तोच स्टिकर असतो.

"टाकलं."

उत्तर फार झटकन आलं. मी इतकी वर्षं लोकांच्या घरात वायरी ओढतोय. मिक्सर जळून जातो, पण मिक्सरचं खोकं माळ्यावर असतं. आपल्याकडे खोकं कुणी टाकत नाही. आणि युनिफॉर्मच्या चिंध्यासुद्धा गाठोड्यात बांधून ठेवणारी ही बाई तर मुळीच टाकणार नाही.

"ताई, आठवून बघा. बाकी काहीही करून चारच्या आत होणार नाही."

त्यांनी पाळण्याकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "माळ्यावर हाय. पण त्यात दुसरं सामान हाय."

"सामानाला मी हात लावत नाही. मला फक्त खोक्याचा तळ बघायचाय."

स्टूल घेऊन मी चढलो. खोकं सापडलं ते साडीच्या कापडात गुंडाळून चहूबाजूंनी टाके घालून शिवलेलं. खाली आणून त्यांच्यापुढे ठेवलं. टाके उसवायला मी कात्री मागितली, तर म्हणाल्या, "राहू द्या, मी करते." एकेक टाका बरोबर उसवत होत्या. शिवणाऱ्या माणसाचा हात तो.

कापड निघालं आणि खोक्याचं झाकण आपोआप उघडलं. आत लोकरीची टोपडी. पिवळं, आकाशी, डाळिंबी, एक पांढरं गोंड्याचं. दाबून दाबून बसवलेली. आमच्या दोघांच्या मध्ये ती उघडी पडली.

"दर थंडीला एक विणते," ताईच बोलल्या. "बाळूच्या लग्नाला लय वर्षं झाली. दरवर्षी वाटायचं, यंदा होईल. आधी दाखवायचं नसतं. आणि वैशालीला वाटायचं, नणंद टोमणा मारते. म्हणून यात ठेवली. वायरीचं खोकं कोण उघडतं?"

ताईंनी पांढऱ्या टोपड्याचा गोंडा सरळ केला.

"मला लय वाटतं हो भाऊ, एकदा हातात घ्यावी. नुसती पाच मिनिटं. बाळूला घेतलं होतं तसं. फोनवर दिसती, पण वजन कळत नाय."

 मी खोकं पालथं करू का विचारलं. त्यांनी सगळी टोपडी उचलून पदरात घेतली.

तळाला स्टिकर होता. पुसट, पण वाचता येत होता. ताईंचा नवा राऊटर परत जोडून त्यात तो नंबर टाकला, सेव्ह केलं, मोडेम बंद करून परत चालू केला. आपण जप करतो तसे ते दिवे लुकलुकतात, तेवढा वेळ गप्प बसावं लागतं.

नारिंगी.

"नाय झालं?" ताई म्हणाल्या.

"थांबा." खरं सांगायचं तर मलाही घाम फुटला होता. घड्याळ माझ्या डोक्यावरच टांगलेलं. मग आठवलं. राऊटरला दोन तोंडं असतात, एक घराकडचं, एक बाहेरच्या वायरीकडचं. दोघांचे नंबर वेगळे. खोक्यावर घराकडचा छापतात आणि बाहेरचा बहुतेक वेळा त्याच्या पुढचा असतो. स्टिकरवरचं शेवटचं अक्षर नऊ होतं. या मोजणीत नऊनंतर दहा येत नाही, इंग्रजी ए येतो. नऊ खोडून ए टाकला. मोडेम पुन्हा बंद, पुन्हा चालू.

हिरवा.

"लावा ताई फोन!" मी ओरडलोच.

लॅपटॉपवर जर्मनीतली खोली उघडली. पाच-सात माणसं, एक पाळणा, मागे खिडकीत बर्फ. "अक्का! दिसतेस गं, एकदम स्वच्छ!" बाळू ओरडला. वैशालीनं मुलगी उचलून कॅमेऱ्याजवळ आणली. ताईंनी स्क्रीनला हात लावला आणि लगेच काढला.

मी पिशवी भरायला लागलो तर ताई म्हणाल्या, "कुठं चाललात? पाळण्याच्या पलीकडं कोण उभं राहणार?" वरवंटा पाळण्याखालून द्यायचा, वरून घ्यायचा, त्याला दोन माणसं लागतातच. हे बायकांचं काम. पण बाई दुसरी नव्हतीच. मी चपलेत घातलेला पाय परत काढला आणि गोविंद-गोपाळ म्हणत वरवंटा घेतला, दिला. तिकडची मंडळी खो-खो हसत होती. हसा म्हटलं.

मग बाळूनं फोन मुलीच्या कानाशी धरला. नाव आत्यानंच ठरवायचं, हे वैशालीनं आधीच सांगून ठेवलं होतं. ताई दुखऱ्या गुडघ्यानं लॅपटॉपवर वाकल्या, कुर्रर्र केलं आणि म्हणाल्या, "गोदा."

तिकडं टाळ्या झाल्या. वैशाली डोळे पुसत म्हणाली, "छान आहे हो वन्सं."

ताई वाकलेल्याच. मला वाटलं, गुडघा धरला. पुढे होऊन हात देणार, तेवढ्यात लक्षात आलं. आत्यानं नाव ठेवलं की सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. माझ्या मुलीच्या बारशाला मनमाडला माझ्या बहिणीला असं बदडलं होतं, की ती दोन दिवस पाठ चोळत सगळ्यांना कौतुकानं सांगत होती. ती आता नाही. फार आठवते. आणि इथं ही आत्या पाठ पुढं करून थांबली होती, नि घरात मारायला कुणी नव्हतं.

"मारा की रे कोणीतरी," त्या हळूच म्हणाल्या.

स्क्रीनवर बाळूचा हात उचललेला तसाच राहिला. मग तो म्हणाला, "काका, तुम्ही घाला हो एक. माझ्या वतीनं."

मी अलगद थोपटलं.

"जोरात, भाऊ," ताई म्हणाल्या. "तिकडं आवाज गेला पायजे."

घातला एक धपाटा. आवाज जर्मनीत पोचायला क्षणभर लागला, मग गोदा दचकून जी रडायला लागली ती थांबेना. ताई सरळ झाल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. "दणक्यात रडती," म्हणाल्या, "बाळूवर गेली."

मी ऑफिसला कळवलं: मॅक क्लोन केला, कनेक्शन चालू.

तेव्हा सांगायचं ते इतकंच. जुना राऊटर कितीही खराब असो, नवा चालू झाल्याशिवाय भंगारात देऊ नका. देणारच असाल तर खालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. आणि बारसं ऑनलाइन असेल तर शेजारच्या दोन-चार बायका आधीच सांगून ठेवा. धपाटे घालायचं काम आमच्या सर्व्हिसमध्ये येत नाही.