त्याच ताग्यातलं ठिगळ

या शहरात आमच्या समाजाची माणसं मूठभर, त्यामुळे सगळ्यांचे कपडे शिंपीमामांकडेच. प्रत्येकाचं उरलेलं कापड मामा चिठ्ठी लावून जपून ठेवायचे. "ठिगळ त्याच ताग्यातलं हवं, नाहीतर डोळ्यांत खुपतं," म्हणायचे.

पुढे मामींची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या लोकांतल्या कुणाचं जुळण्याची शक्यता जास्त. पण तुमच्यातले दाते जवळजवळ नाहीतच." मामांनी मान खाली घातली. आदल्याच वर्षी अवयवदानाचे फॉर्म घेऊन आलेल्या नर्सला त्यांनी दारातूनच पिटाळलं होतं.

चार वर्षं वाट पाहून मामी गेल्या.

परवा मी कोट शिवायला टाकायला गेलो. गळ्यात टेप अडकवलेल्या मामांनी माप घ्यायच्या आधी फॉर्मच पुढे सरकवला. मी चाचरत म्हणालो, "मामा, आपल्यात असलं कुणी करत नाही."

"नर्सला मी अगदी हेच म्हणालो होतो," मामा म्हणाले. "घराघरांत हेच म्हणत होते सगळे. म्हणून तर ताग्यांनी भरलेल्या या दुकानात तुझ्या मामीपुरतं ठिगळ निघालं नाही. सही कर, मग मापासाठी हात वर कर."