जित्या बाईला हार

आमच्या निमोण्याच्या शाळेत मी इतिहास शिकवते. बहात्तरच्या दुष्काळाचा धडा आला तेव्हा पोरांना म्हटलं, पुस्तक मिटा आणि म्हाताऱ्यांना जाऊन विचारा. पोरांनी घरोघर हिंडून खडी फोडायचे हातोडे आणले, दुष्काळी कामावर खायला मिळायच्या त्या सुकडीचा गंजका डबा आणला आणि एका रिकाम्या खोलीत संग्रहालय मांडलं. मग दौंडच्या पेंटरनं जुने फोटो बघून बाहेरच्या भिंतीवर पाझर तलावाच्या कामावरच्या पाच बायका काढल्या. चौघी कधीच गेलेल्या. पाचवी माझी आई.

उद्घाटनाच्या दिवशी आई शिरूरच्या दवाखान्यात होती. हृदयाच्या नळीत अडथळा, दुपारी अँजिओप्लास्टी. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला लागेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. पण आईच म्हणाली, "तू जा, नारळ फोडून ये. पोरांचा हिरमोड करू नगंस." म्हणून भावाला तिच्याजवळ बसवून मी शाळेत आले.

आमच्याकडं भिंतीवर माणसाचा चेहरा दिसला की हार पडलाच पाहिजे. मी पोरांची रांग लावत होते. वळून बघते तर उपसरपंचांनी खिळे ठोकून पाचही बायकांना झेंडूचे हार घातलेले!

"अहो आप्पा, आई जिती हाय माझी!"

"व्हय की. पर मानानं घातला, मॅडम. चौघींना घालायचा आन् एकीला सोडायचं, बरं दिसतं का?"

मी हार ओरबाडून काढला. पण तोवर कुणीतरी फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता, आणि खाली एका दीडशहाण्यानं लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्याखाली धडाधड जोडलेले हातच हात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात यवतहून मावशीचा फोन, गळा काढूनच. "कवा गं झालं? मला कळवलं बी न्हाई!" केंदूरहून मामा निघालेसुद्धा. आणि आई त्याच ग्रुपात आहे. नातवंडांचे फोटो बघायला फोन उशाशीच ठेवते.

भावाला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. स्कूटर काढली. पुढं उसाचा ट्रॅक्टर, रस्ताभर पसरलेला, बाजूला होईना. त्याला तोंडाला येईल ते बोलले. देवा, तिला झोप लागलेली असू दे, दुसरं काही मागत नाही, एवढंच घोकत होते.

भाऊ खाली औषधांच्या रांगेत सापडला. फोन त्यानं वरच ठेवलेला. मी जिना धावत चढले. आई उशीला टेकून बसली होती, चष्मा लावून, फोन अगदी डोळ्यांजवळ धरून.

"आई, अगं चुकून झालं ते. त्या आप्पांना अक्कल न्हाई."

"हाराचं काय घिऊन बसलीस? आज ना उद्या पडणारच की." तिनं बोटानं चित्र मोठं केलं. "पर ह्यात झोळी न्हाई."

"कसली झोळी?"

"बाभळीला बांधलेली. आम्ही खडी फोडायचो तवा पोरं झोळीत असायची. माझी पोरगी बी व्हती. तुझ्या आधीची. दुष्काळातच गेली."

जन्मभर मी घरात थोरली म्हणून तोरा मिरवला. सुकडीची चव कशी होती तेसुद्धा पोरांना आईकडून विचारून घ्यायला लावलं. आणि हे मला आत्ता कळत होतं, दवाखान्यात. तिला अजून काही विचारावं तर तिच्या छातीवर ताण यायचा. मला रडूच फुटलं.

"रडू नगंस. पेंटरला सांग झोळी काढायला. मी हितनं उठले तर बघंन, न्हाई तर तू बघ."

न्यायला माणसं आली. स्ट्रेचर हलला तशी मी त्याची दांडी धरून चालू लागले. राहवलंच नाही.

"नाव काय होतं गं तिचं?"

"बारसं कुठं झालं?" आई म्हणाली. "पाऊस पडला की करू, म्हणलेलं."